कॉमन ॲपचा ॲक्टिव्हिटीज विभाग: ई-स्पोर्ट्स खेळणाऱ्यांना किती उपयोगाचा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायला निघाली की बहुतेकांना कॉमन ॲपवर यावंच लागतं. 1,000 हून जास्त कॉलेजं या एकाच फॉर्मवर आहेत आणि दरवर्षी 1 ऑगस्टला नव्या वर्षाचा फॉर्म खुला होतो. खातं फुकट, अर्जाची फी मात्र ज्या त्या कॉलेजची वेगळी. इथे तपासलाय तो फक्त ॲक्टिव्हिटीज विभाग, म्हणजे अभ्यासाबाहेरचे उपक्रम लिहायची जागा, आणि तोही बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळणाऱ्यांच्या नजरेतून.

या विभागात कबड्डीला जेवढी जागा मिळते तेवढीच व्हॅलोरंटलाही मिळते, आणि हे फार मोलाचं आहे. एकूण 10 नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीत पदाला 50 अक्षरं, संस्थेच्या नावाला 100 आणि वर्णनाला 150, स्पेस धरून. प्रकार निवडताना ‘ॲथलेटिक्स’च्या वाटेला जाऊ नका; ‘कॉम्प्युटर/टेक्नॉलॉजी’ किंवा ‘अदर क्लब/ॲक्टिव्हिटी’ बरं.

पदाच्या रकान्यात ‘प्लेअर’ लिहिलं तर 50 अक्षरांची जागा फुकट जाते. ‘आयजीएल’ (इन-गेम लीडर, म्हणजे खेळात संघाला सूचना देणारा) लिहिलं तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते कळेलच असं नाही. ‘पाच जणांच्या संघाचा कॅप्टन, डावपेच ठरवणारा’ असं सरळ लिहावं. आपल्याकडच्या पीयू कॉलेजात ई-स्पोर्ट्सचा क्लब क्वचितच असतो. कॉलेजनं परवानगी दिली नसेल तर संस्थेच्या जागी त्याचं नाव घालू नये; संघाचं नाव आणि पुढे ‘स्वतंत्र संघ’ एवढं पुरे. शाळेचा अहवाल प्राचार्यांकडून वेगळा जातो. त्यात या क्लबचा पत्ताच नसला तर अख्ख्या अर्जावरचा विश्वास उडतो.

वर्णनाच्या 150 अक्षरांत रँक सांगत बसण्यापेक्षा काम मोजून सांगा: आठवड्याला 2 सराव, 12 सामन्यांचं रेकॉर्डिंग पाहून चुकांची नोंद, 4 नवख्यांना शिकवलं, 16 संघांची स्पर्धा भरवली. शेवटच्या गोष्टीचं वजन सगळ्यात जास्त. ब्रॅकेट (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) आखणं, सामन्याच्या ऑनलाइन रूमचा पासवर्ड वेळेवर पाठवणं, नेट गेलेल्या संघाचा सामना परत घ्यायचा का हे ठरवणं ही खरी व्यवस्थापनाची कामं आहेत. मुलं नेमकी तीच लिहायची विसरतात आणि ‘इमॉर्टल’ ही व्हॅलोरंटमधली वरची रँक मिरवतात, याची फार हळहळ वाटते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या तासांच्या रकान्यात. फॉर्म आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे वेगवेगळे विचारतो. उत्साहाच्या भरात कुणी 30 तास आणि 52 आठवडे भरतो. बीजीएमआयमध्ये 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांचीच मर्यादा आहे. म्हणजे रोज खेळलं तरी आठवड्याचे 21 होतात. आकडा तिथेच उघडा पडतो. त्यापेक्षा हिशेब मांडून भरावा: दोन संध्याकाळी दोन-दोन तास सराव, रविवारी सामन्यांचे 2, रेकॉर्डिंग पाहायला 1, झाले 7. वार्षिक परीक्षेच्या तयारीचे आणि परीक्षेचे 10 आठवडे सोडले की 42 उरतात. सातत्य दिसायला एवढं भरपूर आहे. एकट्यानं रँक चढवण्यात घालवलेले तास यात धरू नयेत.

बक्षिसांसाठी वेगळा ऑनर्स विभाग आहे: 5 नोंदी, प्रत्येकी 100 अक्षरं. स्तर निवडताना शाळा, राज्य/प्रादेशिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय असे पर्याय येतात, जिल्ह्याचा वेगळा नाही. कुणीही नाव नोंदवावं अशा ऑनलाइन पात्रता फेरीला ‘राष्ट्रीय’ म्हणू नका. ‘128 संघांतून शेवटच्या 8 मध्ये’ असं लिहिलं की स्तर आपोआप कळतो. पैसे लावून खेळलेल्या कस्टम रूमचा (खेळाडूंनी स्वतः भरवलेल्या खासगी सामन्याचा) तर उल्लेखही नको. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशांच्या खेळांवर बंदी घातली, त्यामुळे दोन्ही एका रांगेत बसवणं अंगाशी येईल.

एक उणीव आहे: सामन्याचा स्क्रीनशॉट किंवा लिंक जोडायला या विभागात जागाच नाही. जास्तीच्या माहितीचा रकानाही 2025-26 पासून 650 शब्दांवरून 300 वर आला. खेळाची ओळख करून द्यायला त्यातले 60-70 शब्द ठेवावेत, जास्त नाही.

आमच्याकडून पाचपैकी चार.

इथेच शिकायचं असेल तर मात्र या मेहनतीचा उपयोग नाही. केसीईटीतून (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून) इंजिनिअरिंगची रँक पीयूसीचे गुण आणि सीईटी यांच्या निम्म्या-निम्म्या वजनावर लागते. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी असलेल्या ‘टाइप ई’मधून जाणाऱ्यांनाही दहावी-बारावी कुठून केली, राहता कुठे आणि मातृभाषा कोणती एवढंच दाखवावं लागतं.