ग्लासातलं पाणी पाहून पैसे दिले

हिंगणा एमआयडीसीत माझं पिवळ्या आयर्न ऑक्साइडचं छोटं युनिट आहे. हिराकस आणि कॉस्टिकपासून रंग बनतो, पण सोबत सोडियम सल्फेट हे मीठही तयार होतं. ते धुऊन काढावंच लागतं. टाकीत गाळ बसवा, वरचं पाणी काढा, पुन्हा नवं भरा, यात तीन-चार दिवस जातात. शिवाय मे महिन्यात टँकर. म्हणून मेंब्रेनवाल्याचं बोलणं गोड लागलं: मेंब्रेनच्या बारीक छिद्रांतून मीठपाणी निघून जाईल, रंग मागे राहील, दोन टाक्या पाण्यात मीठ साफ.

डेमो बुटीबोरीत झाला. आमचाच गाळ सिरॅमिक नळ्यांतून जोरात फिरत होता आणि बाजूच्या पाइपातून नितळ पाणी येत होतं. मी ग्लास उन्हात धरून पाहिला, एक कण नाही! तासाला किती लिटर ते वहीत लिहिलं आणि ऐंशी टक्के ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो.

मशीन आलं ते सिरॅमिकचं नव्हतंच. आत गुंडाळीचे मेंब्रेन, थरांमध्ये बारीक जाळी. हे स्वच्छ पाण्याचं काम, गाळाचं नव्हे. तिसऱ्या दिवशी पाणी थेंबथेंब. एक कापून पाहिला तर जाळीत पिवळा रंग श्रीखंडासारखा बसलेला, आणि नव्या स्टिकरखालून जुन्या स्टिकरचा कोपरा डोकावत होता.

डेमोला सोबत असलेला आमचा ऑपरेटर तेव्हा कुठे बोलला, "साहेब, ग्लास काढला का तो पाइप परत टाकीतच जाऊन राहिला होता. मले वाटलं तुमाले माईत असन."

म्हणजे गाळ घट्ट झालाच नव्हता. मेंब्रेनची खरी परीक्षा तर गाळ घट्ट होत जातो तेव्हाच, धार तिथेच मंदावते.

"दोन टाक्या पाण्यात मीठ साफ" हीही थापच. जितकं पाणी निघेल तितकंच नवं घालत, टाकीची पातळी कायम ठेवून धुतलं तर एका टाकीभर पाण्यानंतर 37 टक्के मीठ उरतं, दोननंतर साडेतेरा, पाच लागतात तेव्हा एका टक्क्याखाली येतं. हे गणित मी पैसे गेल्यावर केलं.

फोनवर उत्तर, "तुमचाच गाळ खराब." बिलात फक्त "फिल्टरेशन सिस्टिम, 1 नग". पोलीस म्हणाले दिवाणी मामला. वकिलांनी विचारलं, धंद्यासाठीच घेतलं ना? मग ग्राहक आयोगाचं दार कठीण.

परवा कळमेश्वरच्या एका ओळखीच्या माणसाला त्याच मशीनचा डेमो ठरला. त्याला म्हटलं, दोन रिकामे ड्रम घेऊन जा, निघालेलं पाणी त्यातच साठव, आणि गाळ दुप्पट घट्ट होईपर्यंत उठू नको. त्यानं ड्रमचं फोनवर सांगताच डेमो रद्द झाला.