एली द्यायचा की ठेवायचा? समोर टॅरिक स्कूबल आहे

फँटसी बेसबॉलच्या (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळायचा खेळ) रोटो लीगमध्ये, म्हणजे जिथं प्रत्येक रकान्यातल्या क्रमांकावर गुण मिळतात, ऑफर आली: एली दे ला क्रूझ द्या, स्कूबल घ्या. २०२४ चे आकडे धरून बघू.

सिनसिनाटी रेड्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) एली म्हणजे ६७ स्टोलन बेस (फटक्याशिवाय धावून पटकावलेले पुढचे बेस), त्या मोसमात मेजर लीगमध्ये सर्वाधिक. वर २५ होमरन, १०५ रन्स. बॅटिंग सरासरी .२५९ बेताचीच, आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) तब्बल २१८! (तुमची लीग बॅटरचे स्ट्राइकआउट मोजत असेल तर चर्चाच नको, देऊन टाका.) पण स्टोलन बेसचा अख्खा रकाना एकट्यानं सांभाळणारा माणूस मोसमाच्या मध्यात फुकटात सापडत नाही. बरा पिचर (चेंडू टाकणारा) सापडतो.

डेट्रॉइट टायगर्सचा डावखुरा स्कूबल: १८ विजय, २.३९ ईआरए (नऊ डावांमागे दिलेले रन्स; कमी तितके चांगले), २२८ स्ट्राइकआउट, एकमतानं साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). पिचिंगच्या पाचपैकी चार रकान्यांना हातभार, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय) सोडून. फक्त तो पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो, आणि २०२२ मध्ये त्याच्या हातावर शस्त्रक्रिया झालेली आहे.

रोटोत मी एली सोडणार नाही. अपवाद एकच: स्टोलन बेसमध्ये तुम्ही आधीच मैलभर पुढे असाल, तर जादाचे बेस एक गुणही वाढवत नाहीत, मग खुशाल बदला. हेड-टू-हेडमध्ये (दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी लढत) मात्र स्कूबलचे दोन स्टार्ट (पहिल्या डावापासून पिचिंग करायचे सामने) असलेला आठवडा मला जास्त मोलाचा वाटतो.