ग्राउंड लूप आयसोलेटर: गुणगुण गेली, पण डग्ग्याचा दम घेऊन

स्पीकरमधली विजेची गुणगुण घालवणारी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची ही डबी पावसाळ्यापासून रोज वापरात आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. एकांकिकांचं पार्श्वसंगीत मी नेरूळच्या घरी लॅपटॉपवरच जुळवतो. सिडकोची जुनी इमारत, वायरिंगही तेव्हाचंच. चार्जर लावला की पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरमधून 'घूंsss' सुरू. हाणामारीच्या प्रसंगात खपून जायचं, पण पात्रं गप्प झाली की तेच ऐकू यायचं.

डबी घ्यायच्या आधी चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज तिथेच थांबला तर बहुतेक अर्थिंगचा घोळ. लॅपटॉपचा अर्थ चार्जरच्या थ्री-पिनमधून जातो, स्पीकरचा त्याच्या स्वतःच्या प्लगमधून, आणि ऑडिओ केबलची बाहेरची जाळी या दोघांना जोडते. झालं वर्तुळ पूर्ण, हाच तो ग्राउंड लूप! दोन अर्थमध्ये जरासा फरक असला तरी जाळीतून प्रवाह वाहतो आणि तो गाण्यात मिसळतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण 50 किंवा तिच्या पटीतली, खर्जातली.

फुकटातला उपाय म्हणजे दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावणं. माझ्याकडे त्याने आवाज निम्म्यावर आला, गेला नाही. एका इलेक्ट्रिशियनने चार्जरची अर्थची पिनच कापून टाका म्हणून सांगितलं. कृपा करून हे करू नका. गुणगुण जाईलही, पण उद्या आत कुठे फेज बॉडीला टेकली तर तुम्हाला वाचवणारी वायर तीच.

तर ही डबी. लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यामधल्या ऑडिओ केबलमध्ये लावायची. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, लॅमिंग्टन रोडवर पाचशेच्या आत मिळाली. आत डाव्या-उजव्या चॅनेलसाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर, बाकी काही नाही. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेला तार जोडलेली राहत नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं. लावली त्या क्षणी घूं बंद. अगदी ठार बंद.

आता तक्रार. ट्रान्सफॉर्मर इतके लहान आहेत की मोठ्या आवाजातला खर्ज त्यांना पेलवत नाही. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, तितका ट्रान्सफॉर्मरचा गाभा लवकर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते. तबल्यात चाटीचे बोल खणखणीत, पण डग्ग्याचा 'घे' पोकळ वाटतो. ढोल-ताशाच्या ट्रॅकमध्ये तर ढोल नुसता फुगतो. लॅपटॉपचा आवाज कमी ठेवून स्पीकरची नॉब वाढवली की बरंच सावरतं. तरी खालच्या पट्टीचा शेवटचा निर्णय मी डबी काढून, बॅटरीवर ऐकूनच घेतो. वाशीच्या भावे नाट्यगृहातल्या मोठ्या स्पीकरवर घरचा अंदाज चुकला की सगळ्यांसमोर चुकतो.

आणखी एक. मुलाच्या डेस्कटॉपला माउस हलवला की किर्रर्र यायचं, गेम सुरू केला की शिट्टी. त्याला ही डबी लावून काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. ते किरकिरणं हेडफोनमध्येही येत होतं, आणि हेडफोनला कुठला आलाय अर्थ? पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते, कचरा तिथेच सिग्नलमध्ये शिरतो. एकदा शिरला की ट्रान्सफॉर्मर तो इमानेइतबारे पुढे पाठवतो. मागच्या जॅकला लावल्यावर बरंच कमी झालं, उरलेलं साध्या यूएसबी साउंड कार्डाने संपवलं. थेट हेडफोनलाही ही डबी लावू नका, ती लाइन आउटसाठी, म्हणजे स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या सिग्नलसाठी आहे. बास साफ उडतो.

डबी चार्जरच्या अडॅप्टरपासून लांब, स्पीकरच्या टोकाला ठेवा. अडॅप्टरला खेटून ठेवली तर त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडून ती स्वतःच भुणभुणते. महिन्या-दोन महिन्यांत माझ्या डबीचा जॅक सैल झाला, केबल हलली की खरखर. टेबलाच्या मागच्या पायाला चिकटपट्टीने बांधून टाकली आहे.

तुमच्या स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट (एकच सिग्नल दोन तारांवर उलटसुलट नेऊन वाटेतली गुणगुण वजा करणारी जोडणी) असेल तर हे पैसे बॅलन्स्ड आउटपुटच्या ऑडिओ इंटरफेससाठी, म्हणजे बाहेरून जोडायच्या चांगल्या साउंड कार्डासाठी साठवा. माझ्या स्पीकरला ते नाही, म्हणून स्पीकर बदलेपर्यंत ही डबी राहणार.