खरेदी-संरक्षण देणारी क्रेडिट कार्डे: चार कार्डांची तुलना आणि एका मिक्सरचा दावा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत क्रेडिट कार्डाचा विषय निघाला, की बोलणे पॉइंट, कॅशबॅक आणि मुंबईच्या विमानतिकिटांभोवतीच फिरत राहते. कार्डासोबत येणाऱ्या बारीक टायपातल्या पुस्तिकेत ‘पर्चेस प्रोटेक्शन’ नावाचे एक प्रकरण असते, ते मात्र सहसा कोणी उघडत नाही. मीही ते कित्येक वर्षे उघडले नव्हते. गेल्या वर्षी घरातला नवाकोरा मिक्सर ओट्यावरून खाली पडला आणि त्या निमित्ताने आमच्याकडच्या चारही कार्डांच्या अटी मी ओळीने वाचून काढल्या. चेस फ्रीडम अनलिमिटेड, चेस सफायर प्रिफर्ड, अमेरिकन एक्स्प्रेस गोल्ड आणि कॉस्टको या दुकानसाखळीसाठी सिटी बँकेने काढलेले कॉस्टको एनीव्हेअर व्हिसा ही ती चार कार्डे. चारही अमेरिकेत दिलेली आहेत. मिळत्याजुळत्या नावाचे कार्ड भारतात दिसले, तर त्याला येथील अटी लागू होत नाहीत.

आधी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. खरेदी-संरक्षण म्हणजे नव्या वस्तूचा अल्प मुदतीचा विमा. कार्डाने घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांच्या आत अपघाताने मोडली किंवा चोरीला गेली, तर दुरुस्तीचा खर्च किंवा वस्तूची किंमत मिळते. दुकानदाराने माल पाठवलाच नाही, भलताच पाठवला किंवा एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले, तर या विम्याचा उपयोग नाही. ते ‘डिस्प्यूट’चे, म्हणजे बिलावर हरकत घेण्याचे प्रकरण आहे आणि त्यामागे १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग कायदा आहे. तो ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे, तर खरेदी-संरक्षण ही कंपनीने आपल्या मर्जीने दिलेली सवलत आहे आणि तिला ती मर्जीनेच काढूनही घेता येते. भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना यात आणखी एक तिसरी गोष्ट मिसळते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बाहेरच्या कोणी केलेल्या फसव्या व्यवहाराची खबर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली, तर त्याचा भार ग्राहकावर पडत नाही. तो नियम पैशांच्या चोरीसाठी आहे, वस्तूच्या मोडतोडीशी त्याचा संबंध नाही.

आता आकड्यांकडे वळतो. जाहिरातीत संरक्षणाचे दिवस ठळक छापलेले असतात, त्यामुळे तुलना करणाऱ्याची नजर प्रथम तिकडेच जाते. चेसच्या दोन्ही कार्डांवर खरेदीपासून १२० दिवस आणि अमेरिकन एक्स्प्रेस गोल्डवर ९० दिवस संरक्षण मिळते, म्हणजे कागदावर चेस पुढे आहे. खरी मेख मात्र दर दाव्याच्या मर्यादेत आहे. फ्रीडम अनलिमिटेड आणि सफायर प्रिफर्ड या दोन्हींवर एका दाव्याला जास्तीत जास्त ५०० डॉलर मिळतात. खात्याची एकूण मर्यादा ५०,००० डॉलर आहे खरी, पण ती गाठायची तर शंभर वस्तू फोडाव्या लागतील, तेव्हा तो आकडा शोभेपुरताच धरावा. गोल्डवर एका घटनेला १०,००० डॉलरपर्यंत आणि कॅलेंडर वर्षात एकूण ५०,००० डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मुलाच्या कॉलेजसाठी १,४०० डॉलरचा लॅपटॉप घेतला आणि दुसऱ्याच महिन्यात त्यावर चहा सांडला, तर चेसच्या या दोन कार्डांवर ९०० डॉलरची झळ आपल्यालाच सोसावी लागते. गोल्डवर पूर्ण किंमत मागता येते. जादा ३० दिवस या फरकापुढे काहीच नाहीत.

चेसच्या दोन कार्डांची आपसांतली तुलना तर दोन वाक्यांत संपते. प्रिफर्डला वर्षाला ९५ डॉलर शुल्क आहे, फ्रीडम अनलिमिटेडला काहीच नाही, आणि खरेदी-संरक्षण दोन्हींवर सारखेच आहे. प्रिफर्डचे शुल्क आपण त्याच्या प्रवासविम्यासाठी आणि पॉइंटांसाठी भरतो. मोडलेल्या मिक्सरपुरता विचार केला तर फुकटचे कार्ड तेवढ्याच कामाचे आहे. याच घराण्यातल्या सफायर रिझर्व्हवर दर दाव्याची मर्यादा १०,००० डॉलर आहे, मात्र त्याचे वार्षिक शुल्क आता ७९५ डॉलर झाले आहे. गोल्डचे शुल्क ३२५ डॉलर आहे. किराणा आणि रेस्टॉरंटांवरचे त्याचे पॉइंट जो वापरतो, त्याला ते परवडते. केवळ खरेदी-संरक्षणासाठी ते घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणखी एक अट माहीत असलेली बरी. हे संरक्षण बहुतेक ठिकाणी दुय्यम असते, म्हणजे तुमच्या घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यातून जी भरपाई मिळू शकते, ती वगळून उरलेल्या रकमेचाच विचार होतो. व्यवहारात याचा फार अडथळा होत नाही, कारण घरविम्यात सुरुवातीची ५०० किंवा १,००० डॉलरची रक्कम आपणच सोसायची असते आणि मोडलेली वस्तू बहुधा त्या रकमेच्या आतच असते. तरीही दावा करताना विमा पॉलिसीचे पहिले पान, ज्याला येथे ‘डिक्लरेशन पेज’ म्हणतात, ते जोडावे लागते. ते आयत्या वेळी शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

मिक्सरची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण कोणत्याही तक्त्यापेक्षा मी तिच्यातून जास्त शिकलो. कार्ड कोणते होते ते येथे सांगत नाही. कागद सगळ्याच कंपन्या जवळपास तेच मागतात. मिक्सर ११० व्होल्टचा, ओक ट्री रोडवरच्या एका दुकानातून १८९ डॉलर ९९ सेंटला घेतलेला. इडलीचे पीठ घट्ट वाटले जात होते, मिक्सर थरथरत ओट्याच्या कडेपर्यंत सरकला आणि कोणी धरायच्या आत फरशीवर आपटला. बॉडीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि भांडे बसते तो कपलर तुटला. खरेदीला एकोणचाळीस दिवस झाले होते, म्हणजे मुदतीचा प्रश्न नव्हता. फोटो, पावती आणि कार्डाचे स्टेटमेंट जोडून मी ऑनलाइन दावा भरला आणि आता आठवड्याभरात पैसे येतील अशा समजुतीत राहिलो.

नवव्या दिवशी उत्तर आले, की पावतीवरून वस्तूची ओळख पटत नाही. पावती काढून पाहिली तर त्यांचे म्हणणे बरोबर होते. थर्मल कागदावर वस्तूच्या रकान्यात फक्त ‘किचन’ एवढाच शब्द होता; कंपनी नाही, मॉडेल नाही, आणि तारखेची शाई अर्धी उडालेली. दुकानात पुन्हा गेलो. मालक गुजराती गृहस्थ; त्यांनी आधी हसून घेतले, इतक्या वर्षांत मिक्सरसाठी असा दाखला कोणी मागितला नव्हता असे हिंदीत सांगितले, आणि मग दुकानाच्या लेटरहेडवर मॉडेल, खरेदीची तारीख आणि किंमत नीट लिहून सही-शिक्का दिला. पुढची मागणी होती दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची. आसपासच्या दोन दुरुस्तीवाल्यांनी भारतीय मिक्सर हातातही घेतला नाही. शेवटी त्याच मालकांनी दुसऱ्या कागदावर, याचे सुटे भाग येथे मिळत नाहीत आणि दुरुस्ती शक्य नाही, असे दोन ओळींत लिहून दिले. अंदाजपत्रकाच्या जागी तो कागद चालला.

या सगळ्यात एकदा घात होता होता राहिला. आमच्याकडे बुधवारी कचऱ्याची गाडी येते. फुटका मिक्सर सौभाग्यवतींनी मंगळवारी रात्री रस्त्याकडेला नेऊन ठेवला होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मोडलेली वस्तू जपून ठेवावी, कंपनी ती तपासणीसाठी मागवू शकते, ही अट मला योगायोगाने त्याच रात्री वाचायला मिळाली आणि मी टॉर्च घेऊन मिक्सर परत आणला. पुढे वस्तू कोणी मागवली नाही. फक्त तळाच्या पट्टीवरच्या सीरियल नंबरचा फोटो मागितला. मिक्सर गाडीत गेला असता तर तो फोटो कोठून आणला असता, हा प्रश्नच होता. दावा भरल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशी १८९ डॉलर ९९ सेंट स्टेटमेंटवर जमा झाले. रकमेच्या मानाने खटाटोप बराच झाला. पण त्यातला निम्म्याहून अधिक वेळ केवळ नीट पावती नसल्यामुळे गेला, हे मान्य करावे लागेल.

घटना कळवण्याची मुदतही बघून ठेवावी. अमेरिकन एक्स्प्रेसच्या अटींनुसार नुकसान झाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला कळवावे लागते. संरक्षणाचे ९० दिवस आणि कळवण्याचे ३० दिवस हे दोन वेगळे हिशेब आहेत. चोरीच्या बाबतीत पोलिसांत नोंदवलेल्या तक्रारीची प्रत लागते, आणि ‘बहुतेक कोठेतरी विसरले असावे’ असे लिहिले की दाव्यातला जीवच जातो. बिलाचा काही भाग गिफ्ट कार्डाने भरला असेल, तर तेवढ्या भागाची भरपाई कार्ड कंपनीकडून मिळत नाही, हेही येथे नोंदवतो.

या चौघांत खरेदी-संरक्षणापेक्षा मला जास्त मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे वाढीव वॉरंटी. नव्या वस्तू पहिल्या तीन-चार महिन्यांत क्वचितच मोडतात. त्या बिघडतात ते मूळ वॉरंटी संपल्यावर, आणि तेही जणू कॅलेंडर पाहून. चेसची दोन्ही कार्डे तीन वर्षांपर्यंतच्या उत्पादकाच्या वॉरंटीत एक वर्षाची भर घालतात. अमेरिकन एक्स्प्रेस गोल्डवरही एका वर्षापर्यंतची भर मिळते, पण तेथे मूळ वॉरंटी पाच वर्षांपर्यंतची चालते. सिटीचे कॉस्टको कार्ड येथे तिघांनाही मागे टाकते, कारण ते एकदम २४ महिने वाढवून देते. एकूण संरक्षण खरेदीपासून सात वर्षांपलीकडे जात नाही एवढीच मर्यादा. कॉस्टको स्वतः टीव्ही आणि संगणकांवरची वॉरंटी दोन वर्षांपर्यंत नेते. त्यामुळे तेथून या कार्डावर टीव्ही घेतला, की चार वर्षांची निश्चिंती मिळते. शिवाय टीव्ही पसंत पडला नाही तर ९० दिवसांत परत करता येतो, म्हणून कार्ड कंपन्यांच्या ‘रिटर्न प्रोटेक्शन’ची, म्हणजे दुकानाने परत न घेतलेल्या वस्तूचे पैसे देणाऱ्या सोयीची, तेथे गरजच पडत नाही. कॉस्टकोच्या अमेरिकेतल्या दुकानांत जून २०१६ पासून क्रेडिट कार्डांपैकी फक्त व्हिसा चालते, तेव्हा गोल्डचा प्रश्न तेथे दारातच निकालात निघतो.

पुण्याला किंवा नाशिकला भेटवस्तू नेणाऱ्यांनी या वॉरंटीबाबत सावध राहावे. मूळ वॉरंटी अमेरिकेत लागू होणारी असली तरच कार्डाची वाढीव वॉरंटी तिच्यावर चढते. भाच्यासाठी येथून नेलेला लॅपटॉप तेथे बिघडला, तर दुरुस्तीचा कागद, फोटो आणि पत्रव्यवहार हे सगळे कार्डधारकालाच येथे बसून करावे लागते. एका नातेवाइकाकडून सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो व्हॉट्सअॅपवर मिळवायला मला चार दिवस लागले होते, यावरून कल्पना यावी.

काय चालत नाही याची यादी चारही पुस्तिकांत लांबलचक आहे. गाड्या, जुन्या किंवा वापरलेल्या वस्तू, प्राचीन व संग्राह्य वस्तू, झाडे, प्राणी, नाशवंत पदार्थ, रोख रक्कम आणि पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल हे सरसकट वगळलेले असते. वापराने झालेली झीज म्हणजे अपघात नव्हे. लग्नासाठी दागिने घेणाऱ्यांनी प्रवासातील सामानाबद्दलचे कलम अवश्य वाचावे: चेक-इन केलेल्या बॅगेतून गेलेल्या दागिन्यांना सहसा संरक्षण नसते, ते हातातल्या पिशवीत आणि आपल्या नजरेसमोर असावे लागतात. गणपतीला येथून चांदीची भांडी घेऊन जाणाऱ्या मंडळींपैकी कितीजणांनी हे वाचले असेल, असा प्रश्न मला पडतो.

या सोयींचा भरवसा कायमचा धरता येत नाही. डिस्कव्हरने २०१८ च्या फेब्रुवारीअखेर आपल्या कार्डांवरचे खरेदी-संरक्षण, वाढीव वॉरंटी आणि किंमत-संरक्षण एकदमच बंद केले. सिटीची ‘प्राइस रिवाइंड’ ही योजना, जिच्यात खरेदीनंतर किंमत उतरली तर फरक परत मिळे, सप्टेंबर २०१९ मध्ये गुंडाळली गेली. म्हणून दर वर्षी शुल्क भरण्यापूर्वी मी कंपनीच्या संकेतस्थळावरून लाभांची पुस्तिका नव्याने उतरवून घेतो आणि जुन्या प्रतीशेजारी ठेवून बघतो.

आता आमच्या घरातली वाटणी अशी आहे. ५०० डॉलरच्या आतली वस्तू फ्रीडम अनलिमिटेडवर, त्यावरची महाग पण सहज पडण्याफुटण्यासारखी वस्तू गोल्डवर, आणि टीव्ही, फ्रिज, डिशवॉशर यांसारखी वर्षानुवर्षे एका जागी राहणारी यंत्रे कॉस्टको कार्डावर. प्रिफर्ड प्रवासापुरते उरले आहे. प्रत्येक पावतीचा दुकानातच उभ्याउभ्या फोटो काढतो, आणि तिच्यावर वस्तूचे नाव नसेल तर काउंटरवरच हाताने मॉडेल लिहून मागतो. ओक ट्री रोडच्या त्या मालकांना आता हे पाठ झाले आहे. मागच्या महिन्यात वेट ग्राइंडर घेतला, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी लेटरहेड पुढे ओढले.