टाकीवरचा क्लिपवाला फॅन: पुण्यात भारी, मुंबईत जेमतेम

एप्रिलमध्ये पुण्यात माझ्या ४० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियम टाकीचं टेम्परेचर ३१ वर गेलं, कोरल पार आक्रसून बसलेलं, आणि चिलर (पाणी गार करायचं मशीन) टाकीपेक्षा महाग, म्हणून हा छोटा फॅन घेतला. वरची काच काढून जाळी टाकली, फॅन तिरका पाण्यावर सोडला, संध्याकाळपर्यंत २८! पण पाणी वाफ होऊन उडतं किती, रोज जवळपास लिटरभर, आणि मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर घालताना साधं आरओचंच घालायचं, खारं नाही, मी एकदा माती खाल्लीये. ताईकडे मुंबईत हाच फॅन कसाबसा एक डिग्री उतरवतो, तिथली हवाच दमट ना, पाणी फारसं उडत नाही, आणि ते उडाल्यानेच तर टाकी गार होते. क्लिप मात्र एकदम तकलादू, महिन्यात मोडली, सध्या रबरबँडवर चाललंय.