मेबनचे कॉर्न डॉली किट: काड्या अस्सल, पुस्तिका भाबडी

कॉर्न डॉली म्हटले की मक्याची बाहुली डोळ्यांसमोर येते. ती मक्याचीही नसते आणि बहुतेक वेळा बाहुलीही नसते. ब्रिटनमध्ये कॉर्न म्हणजे कोणतेही धान्य, आणि डॉली म्हणजे ओंब्यांसकट विणलेल्या गव्हाच्या काड्या. इंग्लंडच्या सुगीतली ही वस्तू आता नव-पेगन मंडळी (ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक धर्म नव्याने पाळणारी) मेबनच्या, म्हणजे 22-23 सप्टेंबरच्या शरद संपाताच्या मांडणीत ठेवतात. त्यांच्यासाठीच्या एका किटचे हे परीक्षण आहे.

डब्यात 40 काड्या, मेण लावलेला दोरा, मीटरभर लाल फीत आणि 12 पानी पुस्तिका. पैसे वसूल होतात ते काड्यांवर. गहू मॅरिस विजन जातीचा आहे: उंच, आतून पोकळ काडीचा. हल्लीचा बुटका गहू इथे चालत नाही. त्याची काडी आखूड असते, बऱ्याचदा आतून भरीव, आणि वाकवली की तुटते. शिवाय कम्बाइनने कापलेला पेंढा चेंगरून निघतो, म्हणून विणकामाचे पीक वेगळे कापावे लागते. या काड्या ओंबीखालच्या पहिल्या पेरापर्यंतच घेतल्या आहेत, पातेही सोलून काढले आहे. बरोबर तेच हवे. पेर मध्ये आले की वीण तिथेच अडते.

पुस्तिकेची पहिली चूक भिजवण्यात आहे. ती गरम पाण्यात दोन तास सांगते. त्याच हंगामाच्या काडीला साध्या गार पाण्यात 20 ते 30 मिनिटे पुरतात, मग ओल्या टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटे मुरू द्यायची. जास्त भिजली की काडी लिबलिबीत होते, चकाकी जाते. रात्रभर ओली राहिली तर काळे डाग आणि बुरशी. कमी भिजली तर दुमडताना चटकन फुटते. ओंबीजवळ वाकवून पाहावे: आवाज न होता चपटी झाली की तयार. एका बैठकीत लागतील तेवढ्याच भिजवाव्यात.

विणीची आकृती मात्र चांगली काढली आहे. पाच काड्या ओंब्यांखाली घट्ट बांधून चार दिशांना पसरायच्या, एका दिशेला दोन. त्या जोडीतली एक उचलून पुढच्या दोन काड्यांवरून न्यायची. जिच्यावरून ती शेवटी गेली, ती आता उचलायची आणि तशीच पुढच्या दोनांवरून. दर वेळी हातातले काम पाव फेरा फिरवायचे. काडी खालच्या काडीच्या किंचित बाहेर ठेवली की वीण रुंदावते, आत ठेवली की निमुळती होते. ड्रॉप डॉलीचे, म्हणजे थेंबाच्या आकाराच्या डॉलीचे, पोट याच युक्तीने येते.

जोड कसा द्यायचा, यावर पुस्तिकेत एकच ओळ आहे आणि नवखे नेमके तिथेच हात टेकतात. वीण ओंबीकडून बुंध्याकडे जाते, त्यामुळे संपत आलेल्या काडीचे टोक जाड आणि पोकळ असते. नव्या काडीची ओंबी कापून तिचे बारीक टोक त्या पोकळीत दोनेक सेंटिमीटर सरकवायचे. जोड कोपऱ्यावरच्या घडीत लपवावा. सरळ भागात आला की निसटतो. पाचही जोड एकाच फेरीत आले तर डॉलीची कंबर मोडलीच समजा. 40 काड्यांत एक डॉली होते, सराव मात्र होत नाही. आधी तीन काड्यांच्या वेणीची गाठ, म्हणजे कंट्रीमन्स फेव्हर, करून हात बसवावा.

आता लोककथांची पाने. मेबन हा प्राचीन केल्टिक सुगीचा देव, असे ती ठणकावून सांगतात. संपाताला हे नाव 1970च्या दशकात अमेरिकेत नव-पेगन लेखक एडन केली यांनी दिले. मूळचा मॅबन आप मोद्रोन वेल्श कथेतला: तीन रात्रींचा असताना आईपासून पळवलेला, तुरुंगातून सोडवला जाणारा. त्याचा कापणीशी संबंध नाही. धान्याचा आत्मा शेवटच्या पेंढीत लपतो, ही मांडणीसुद्धा 19व्या शतकातल्या मानहार्ट आणि फ्रेझर या अभ्यासकांची. पुस्तिका ती शेतकऱ्यांच्या तोंडी घालते.

खरी नोंदलेली प्रथा याहून खमंग आहे आणि तिला इथे दोन ओळीही मिळालेल्या नाहीत. डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये शेवटची मूठ कापली की ती उंच धरून कापणारे ओरडत, ‘अ नेक!’ (नेक म्हणजे तीच शेवटची मूठ.) स्कॉटलंडमध्ये लवकर कापणी संपवणाऱ्याच्या पेंढीला मेडन म्हणत, आणि मागे पडलेल्याच्या वाट्याला कालिअख, म्हणजे म्हातारी, येई. तिला वर्षभर पोसावे लागे, म्हणून ती कुणाला नको असायची! निव्वळ शुभचिन्ह म्हणून डॉली विकताना ही चेष्टा गाळली गेली.

साठवणुकीबद्दलही चकार शब्द नाही. ओंब्यांत दाणे असतात आणि उंदरांना ते कळते: 1951च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या प्रदर्शनासाठी फ्रेड मायझेन यांनी काडांचे प्रचंड सिंह आणि युनिकॉर्न विणले होते, तेही पुढे उंदरांनीच खाल्ले. डॉली आधी दोन-तीन दिवस हवेशीर जागी ओंब्या खाली करून वाळवावी, नंतर उन्हापासून लांब टांगावी. बंद डब्यात ओलसर ठेवली तर आठवड्यात बुरशी.

काड्यांना पाचपैकी साडेचार, पुस्तिकेला दीड. विक्रेता काड्या सुट्या देत असेल तर 60 काड्यांची जुडी आणि साधा दोरा घ्यावा.