सशुल्क गाण्यांचे ॲप: कोकणातल्या घराला किती उपयोगी?

महिन्याला पैसे भरून गाणी ऐकवणाऱ्या सेवेकडून शहरातल्या माणसाच्या ज्या अपेक्षा असतात, त्याच रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्याच्या असतील असे नाही. जाहिराती नसणे, आवाज स्वच्छ असणे, मनात आलेले गाणे त्या क्षणी लावता येणे हे सगळे ठीकच. पण आमच्याकडे पैसे वसूल होतात ते प्रामुख्याने एका सोयीमुळे, आणि ती म्हणजे गाणी फोनमध्ये आधीच उतरवून ठेवण्याची. आमच्या घरात अशी एक सेवा काही वर्षे चालू आहे आणि मधल्या काळात तिच्या स्पर्धकांचाही अनुभव घेऊन झाला आहे. तक्रारी थोड्याफार फरकाने सर्वांना लागू पडतात, म्हणून कोणा एकीवर बोट ठेवत नाही.

उतरवून ठेवण्याचे महत्त्व कोकण रेल्वेच्या प्रवासात लगेच कळते. उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरल्यावर इंटरनेटवरून वाजत असलेले गाणे ॲपने आधी ओढून ठेवलेला तुकडा संपेपर्यंत चालते आणि मग अंतऱ्याच्या मध्यावर थांबते. बाहेर आल्यावर रेंज परत मिळेपर्यंत पुढचा बोगदा आलेला असतो. पावसाळ्यात हीच गत घरबसल्या होते, कारण वीज गेली की काही वेळाने टॉवरही मान टाकतो. साधारण दर्जाचे म्हणजे सेकंदाला ९६ किलोबिटचे गाणे तासाला सुमारे ४३ एमबी खाते, तर ३२० किलोबिटचे १४४ एमबी. गावातल्या अर्ध्या-मुर्ध्या रेंजमध्ये दुसऱ्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, आणि फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक जाणवेल असेही मला वाटत नाही. उतरवलेली गाणी मात्र कायमची आपली होत नाहीत. स्पॉटिफायच्या नियमानुसार ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो, नाहीतर ती वाजेनाशी होतात.

या सेवा येण्यापूर्वी बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळत असे. कार्डावर काय भरायचे हे बहुतेक वेळा दुकानदारच ठरवी, त्यामुळे आसपासच्या गावांत रिक्षापासून मच्छीमारांच्या होडीपर्यंत एकाच चवीची गाणी ऐकू येत. तो व्यवहार कायदेशीर नव्हता, हे सांगायला नकोच. सावन आणि गाना ही गाण्यांची ॲप अनुक्रमे २००७ आणि २०१० मध्ये सुरू झाली असली, तरी खेड्यापाड्यांत त्यांचा शिरकाव झाला तो २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. २०१९ च्या सुरुवातीला स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक भारतात आले, तोवर कार्ड भरून देणाऱ्याचा धंदा बसला होता. आता निवड दुकानदाराऐवजी यंत्र करते. या यंत्राची गंमत भाद्रपदानंतर कळते: गणपतीच्या दिवसांत घरात दिवसभर आरत्या लागतात, त्याची ते इमानेइतबारे नोंद घेते आणि दिवाळी उलटली तरी सकाळी-सकाळी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून आरत्यांची यादी पुढे करते.

कॅसेट आणि रेडिओ यांनी ऐकण्याला जो क्रम लावून दिला होता, तो या सेवांनी मोडला, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. गीतरामायण हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेली ही ५६ गीते म्हणजे एक सलग कथा आहे. ॲपमध्ये मात्र ती निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली सापडतात, कुठे मूळ ध्वनिमुद्रण, कुठे नंतरच्या कार्यक्रमातले, तर कुठे दुसऱ्याच गायकाने गायलेले. आणि शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय, चुकून चालू राहिले की रावणवधानंतर रामजन्म होतो. नवख्या श्रोत्याला हा घोटाळा आहे हे कळण्याचा मार्गही ॲप ठेवत नाही. नाट्यगीतांची स्थिती याहून बरी नाही. पडद्यावर नाव मोठ्या अक्षरात दिसते ते गायकाचे. पद कोणत्या नाटकातले, चाल कोणाची, शब्द कोणाचे हे शोधायला तीन टिंबांवर बोट ठेवून आतल्या पानावर जावे लागते, आणि तिथेही अनेकदा रकाना कोरा असतो किंवा कवीच्या जागी कंपनीचे नाव असते. कॅसेटच्या वेष्टणावरच्या बारीक अक्षरांत यातले बरेचसे मिळत असे. शोधाच्या बाबतीत देवनागरीत लिहिले तर एक यादी येते आणि रोमनमध्ये लिहिले तर वेगळी, शिवाय रोमन स्पेलिंग प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने केलेले.

हे सगळे सहन करता येते, कारण जे आहे ते अफाट आहे. पूर्वी ओळखीपाळखीने कोणाकडून तरी कॅसेट भरून आणावी लागे, असे जुने गायन आता क्षणात मिळते. कोकणचे स्वतःचे संगीत मात्र या दुकानात जवळजवळ नाही. सिंधुदुर्गात डबलबारी ऐकायला रात्रभर माणसे बसतात: दोन भजनी बुवा समोरासमोर, पेटी, पखवाज आणि झांजांची साथ, एकाने पुराणातला प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने आपल्या बारीत, म्हणजे पाळीत, त्याचे उत्तर द्यायचे, मधूनच गावकीतला एखादा चिमटा. गजराला, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या नामघोषाला, अनेकदा सिनेमातल्या गाण्याची चाल असते, त्यामुळे हक्कांचा प्रश्न उभा राहतो. शिवाय स्पॉटिफायवर कलावंताला आपले ध्वनिमुद्रण थेट चढवता येत नाही, वितरक कंपनीमार्फत जावे लागते. त्यातून एखाद्या मंडळाने ते केलेच, तर तिथला हिशेब असा की ३० सेकंद ऐकले की एक वेळ मोजली जाते, मग गाणे तीन मिनिटांचे असो की बारी तासाभराची; आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधनच नाही. तासाभराची बारी गाणाऱ्या बुवांना हा सौदा परवडणारा नाही. म्हणून डबलबारी, रत्नागिरीकडची जाखडी आणि नमन या लोककला हे सगळे यूट्यूबच्या व्हिडिओंमध्येच नांदते, मंडळाचे आणि गावाचे नाव शीर्षकात लिहून. त्यासाठी वेगळ्या वर्गणीची गरज नाही.

वर्गणी भरायचीच असेल, तर कुटुंब योजनेची अट आधी वाचावी. स्पॉटिफायच्या भारतातल्या या योजनेत २०२५ पर्यंत सहा जण बसत, पण सर्वांचा राहता पत्ता एकच असावा लागे. यूट्यूबचीही अट अशीच आहे. मुलगा-सून डोंबिवलीत आणि आई-वडील गुहागरला, अशी घरे ज्या मुलखात सर्रास आहेत, तिथे ही योजना आखणाऱ्याला चाकरमानी म्हणजे काय ते ठाऊक नसावे. अशा घराने गावाकडच्या फोनपुरती एकाचीच योजना घ्यावी, मे महिन्यात मुले आली की त्यांच्याकडून आई-वडिलांच्या आवडीची गाणी हलक्या दर्जात उतरवून घ्यावीत, आणि फोन महिन्यातून एकदा इंटरनेटला जोडायचा हे त्यांना बजावून सांगावे. नव्या हिंदी गाण्यांपलीकडे फारसे ऐकणे नसेल, तर जाहिराती सोसून फुकटची योजना वापरणे अधिक शहाणपणाचे.